पोरांच्या भांडणात माघारीची वाट कोण ठेवणार?

शाळेच्या गेटबाहेर एका मुलाने दुसऱ्यावर चाकू चालवला, कारण काय तर ‘माझ्याकडे बघून हसला’, अशी बातमी आली की पुढचे चार दिवस कोण काय बोलणार हे आता आपल्याला तोंडपाठ झालं आहे. एक गट म्हणतो, वय कमी करा, सोळाचं चौदा करा, मोठ्यांसारखी शिक्षा द्या. दुसरा म्हणतो, शाळेतून छडी गेली तिथेच सगळं बिघडलं. तिसरा मोबाईलकडे बोट दाखवतो. चौथ्याला वाटतं, यात नवीन ते काय, पोरं आहेत, भांडणारच. आठवड्याभरात विषय मागे पडतो. या चौघांचं आपापसांत पटत नाही, पण भांडण सुरू झालं तो क्षण आणि चाकू निघाला तो क्षण यांच्या मधल्या वेळाबद्दल चौघांपैकी एकही बोलत नाही. तो वेळ कधी तीन मिनिटांचा असतो, कधी मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंतचा. त्या वेळात आजूबाजूला कोण होतं, मुलाला मागे फिरावंसं वाटलं होतं का, आणि वाटलं असेल तर तो का फिरला नाही?

माझं म्हणणं सरळ आहे. भांडण हा रोग नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला भांडणातून मान खाली न घालता बाहेर पडता येत नाही, ही खरी अडचण आहे. ती वाट ठेवणं हे मोठ्या माणसांचं काम होतं आणि ते आपण सोडून दिलं आहे. ज्याला आपण ‘धोकादायक वर्तन’ म्हणतो त्यातलं बरंचसं या न सुटलेल्या भांडणांचंच पुढचं पाऊल असतं. हार्बर लाईनच्या दारात एका हाताने लटकणारा मुलगा रेल्वे पोलिसांचा विषय होतो. काकांची बाईक लायसन्सशिवाय उडवणारा वाहतूक पोलिसांचा, दारू पिऊन गच्चीवर सापडलेला आईबापांचा, आणि स्वतःच्या जिवाला इजा करणारी मुलगी डॉक्टरांची. चार खिडक्या, चार फायली. पण मुंबईतल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला शिकवताना गेल्या चोवीस वर्षांत अशा मुलांशी बसून बोलले, तेव्हा ‘त्याच्या आधी काय झालं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच मिळालं. कुणाशी तरी वाजलं होतं. बापाशी, मित्राशी, मैत्रिणीशी, क्लासच्या सरांशी.

एक प्रसंग सांगते. मधली सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दोन मुलं समोरासमोर उभी होती आणि पायऱ्यांवर वीस-पंचवीस जणांचा घोळका. एकाचा उजवा हात पॅन्टच्या खिशात होता आणि खिशाच्या कापडातून कर्कटकाचं टोक बाहेर आलेलं मला खालूनच दिसलं. कारण नंतर कळलं: वर्गाच्या ग्रुपवर याच्या आईवरून काहीतरी टाकलं गेलं होतं. मी वर धावत ओरडणार, तेवढ्यात आमच्या शिपाईमावशी पुढे झाल्या. त्यांनी कुणाला दरडावलं नाही. भांडणाचा उल्लेखही केला नाही. खिशात हात असलेल्या मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, ‘ये रे, ही बादली उचल जरा, माझी कंबर धरलीय.’ मुलगा दोन सेकंद जागचा हलला नाही. मग त्याने खिशातून हात काढला आणि बादली उचलली. बादली उचलायला हात रिकामा लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घोळक्यातून कुणी ‘घाबरला’ म्हणालं नाही, कारण तो पळाला नव्हता, मावशींनी बोलावलं म्हणून गेला होता. दुसऱ्या मुलाला मी वर्गात नेलं. त्या दोघांचं भांडण पुढे आठ दिवसांनी, तीन वेळा बसवून मिटलं. पण त्या दिवशी जे होऊ शकलं असतं ते एका बादलीने टळलं.

मावशींनी काय केलं ते नीट पाहायला हवं, कारण शास्त्रही तेच सांगतं. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक साधा प्रयोग केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे रेटायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. कुमारवयीन मुलं एकटी असताना मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. बाजूला दोस्त बसवले की मात्र त्यांनी घेतलेली जोखीम जवळजवळ दुप्पट झाली. मोठ्या माणसांवर प्रेक्षकांचा तसा परिणाम दिसला नाही. या वयात मेंदूचा बक्षिसाला, वाहवाला भुलणारा भाग जोरात असतो आणि ‘थांब, विचार कर’ म्हणणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. म्हणजे मुलाला अक्कल नसते असं नाही. अक्कल असते, ती चारचौघांत चालत नाही. मावशींनी उपदेश केला नाही, त्या मुलाला प्रेक्षकांपासून बाजूला काढलं आणि बाजूला होण्यासाठी एक इभ्रतीचं कारण हातात दिलं.

मुंबईत नेमकं हेच मिळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. बापाशी वाजलं तर मुलाने जायचं कुठे? दार आपटून गेलं की पुढे गॅलरी, आणि गॅलरीत अख्खी चाळ. कोपऱ्यावर गेलं की मंडळाची पोरं. मुंबईच्या मुलाला एकट्याने रागवायला जागा नाही. मग तो स्टेशनच्या पुलावर जातो, लोकलच्या दारात उभा राहतो, समुद्राच्या कठड्यावर बसतो. वाऱ्यावर डोकं थंड व्हावं म्हणून गेलेला असतो आणि तिथेही दोन दोस्त मोबाईल काढून उभे असतात. पूर्वी चाळीतला घोळका निदान रात्री झोपायला जायचा. ग्रुपवरचा घोळका झोपत नाही. रात्री दीड वाजताही कुणीतरी डिवचतं, ‘काय मग, उद्या येतोस ना?’

आता विरोधी बाजू. ती कमकुवत आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचं मूल गेलं त्या आईबापांसमोर मेंदूची वाढ समजावून सांगणं हा क्रूरपणा आहे. त्यांना न्याय मिळायलाच हवा. शिवाय प्रत्येक हल्ला रागाच्या भरात होत नाही. काही मुलं थंड डोक्याने ठरवून येतात, काहींना मोठी माणसं वापरतात, कारण अल्पवयीन म्हणून सुटेल हा हिशेब असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीखाली दोघांचे जीव गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला जामिनासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा उसळलेला संताप खोटा नव्हता. श्रीमंताचं पोर निबंध लिहितं आणि झोपडपट्टीतलं पोर निरीक्षणगृहात जातं, हे लोकांना दिसतं.

पण ‘कडक कायदा करा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे की तो आहे? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१५ साली बाल न्याय कायदा बदलला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता तपासून खटला प्रौढांप्रमाणे चालवण्यासाठी पाठवू शकतं. जानेवारी २०१६ पासून ही तरतूद लागू आहे. आता तेच वय चौदावर आणायचं म्हणतात. ज्याच्या डोळ्यांसमोर पुढची दहा मिनिटंही नाहीत, तो पुढच्या दहा वर्षांच्या तुरुंगवासाला घाबरून हात आवरेल का? अमेरिकेने हा मार्ग आपल्या आधी चोखाळला. १९९५ च्या सुमारास तिथल्या एका प्राध्यापकाने निर्दय, काळीज नसलेल्या मुलांची लाट येणार असं भाकीत केलं आणि राज्याराज्यांत मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणं सोपं झालं. लाट आलीच नाही, गुन्हे उलट घटत गेले, आणि त्या प्राध्यापकाने पुढे आपली चूक मान्य केली. २००७ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं बाहेर आल्यावर जास्त हिंसा करतात, कमी नाही. आपल्याकडे २०२२ साली नोंदलेल्या ५८ लाखांहून अधिक गुन्ह्यांपैकी अल्पवयीन मुलांवर सुमारे साडेतीस हजार होते. त्यांतला प्रत्येक गुन्हा गंभीरपणे घ्या. पण शिक्षेचं वय हा पोरांच्या हिंसेचा मुख्य प्रश्न आहे, हे या आकड्यांतून निघत नाही.

छडीवाल्यांचं म्हणणं मला जास्त लागतं, कारण ते माझ्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. ‘आम्हाला मास्तरांनी फोडून काढलं म्हणून आम्ही सरळ झालो.’ शिस्तीशिवाय साठ मुलांचा वर्ग चालत नाही हे मला पटतं. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मारायला बंदी केली आणि मारण्याऐवजी काय करायचं हे शिक्षकांना कुणी शिकवलं नाही, हेही खरं. हात बांधले आणि दुसरं साधन दिलं नाही. पण जरा गिरणगाव आठवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, बऱ्याच गिरण्या कायमच्या थंडावल्या आणि पुढच्या वर्षांत लालबाग-परळच्या किती घरांतली पोरं टोळ्यांच्या नादी लागली! त्या पोरांच्या शाळेत छडी नव्हती का? भरपूर होती. बापाचा पट्टाही होता. नव्हतं ते वेगळंच. चाळीतली माणसं, व्यायामशाळेतले वस्ताद, युनियनचे कार्यकर्ते ही मधली माणसं होती, ज्यांच्यापुढे दोन पोरं आपलं गाऱ्हाणं घेऊन जायची आणि ज्यांच्या शब्दावर माघार घेतली तर नामुष्की वाटायची नाही. रोजगार गेला, तशी ती मधली माणसंही विस्कटली. ती जागा भाईने घेतली. तोही भांडणं मिटवायचाच, फक्त त्याची किंमत वेगळी असायची. तेव्हा छडी परत आणा म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणायचंच असेल तर त्या वस्तादांना परत आणा.

मोबाईलबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली आहेत. त्याचे परिणाम पाहू, शिकू. प्रेक्षक कमी झाले तर आग कमी होईल हे माझ्याच युक्तिवादात बसतं. पण आईवरून शिवी फळ्यावरही लिहिली जायची, आणि शिवी वाचल्यावर काय करायचं हे तेव्हाही शिकवलं जात नव्हतं.

मुलींचा विषय या वादात कुठेच नसतो, कारण मुली चाकू काढत नाहीत. त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं, ‘तू समजूतदार ना, तूच गप्प बस.’ मुलग्याला भांडणात फक्त पुढे जायला शिकवतात, मुलीला फक्त गिळायला. गिळलेलं भांडण कुठे जातं? माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी दोन मैत्रिणींनी डब्याला सोबत बसायचं बंद केल्यावर तीन आठवडे कुणाशी बोलली नाही. घरी आईला वाटलं, अभ्यास करतेय. मग एक दिवस ती शाळेतून निघाली ती घरी पोहोचलीच नाही. रात्री उशिरा कल्याणच्या पुढे एका स्टेशनवर सापडली. तिला कुठेही जायचं नव्हतं. फक्त इथे राहायचं नव्हतं. २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात, अशी सरकारी नोंद आहे. अशी टोकाची गोष्ट एका कारणाने घडत नाही. पण अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत नोंदलेलं सर्वांत मोठं कारण परीक्षा नाही, ‘कौटुंबिक समस्या’ आहे. म्हणजे घरातलं वाजणं, आणि त्यातून वाट न सापडणं. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन १९९६ मध्ये याच शहरात टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. मानसिक आरोग्यासाठी आता १४४१६ आहे. हे दोन आकडे किती शाळांच्या भिंतीवर दिसतात?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘समेट’ या नावाखाली आपल्याकडे दुबळ्यालाच दाबलं जातं. रोज जातीवरून हिणवल्या जाणाऱ्या मुलाला आणि हिणवणाऱ्याला समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. मुलीच्या मागे लागणाऱ्याला ‘सॉरी म्हण’ सांगून सोडणं हाही. म्हणून भांडण आणि छळ यांत फरक करावाच लागेल. दोघांची ताकद सारखी असते तिथे भांडण. एकाची ताकद दुसऱ्यावर रोज चालवली जाते तिथे छळ. छळात माघारीची वाट छळणाऱ्यासाठी नसते, तिथे शाळेने एका बाजूला उभं राहायचं असतं, नियमाने, लेखी, गरज पडली तर पोलिसांना बोलावून. पण हा फरक कोण करणार? पस्तीस मिनिटांच्या तासात प्रमेय संपवायची घाई असलेली शिक्षिका? मी ते कितीदा चुकले आहे हे मलाच माहीत. छळ चालला असताना ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणाले आहे, आणि त्या मुलाने वर्ष संपायच्या आधी शाळा सोडली.

मग करायचं काय? थोडं भिवंडीकडे पाहू. १९७० आणि १९८४ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलींत भिवंडी जळली होती. १९८८ मध्ये तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी दंगल होण्याची वाट पाहिली नाही. मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्हीकडची माणसं नळाच्या, गटाराच्या, पार्किंगच्या तक्रारींसाठी नियमित एकत्र बसवली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, पोलिस आणि वस्तीतली पोरं एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळू लागली. भिवंडीची खरी शिकवण मला अशी वाटते की भांडण मिटवायची बैठक भांडणाच्या दिवशी बसवून उपयोग नसतो. नळाच्या पाण्यावरून आधी शंभरदा बोलणं झालेलं असेल, तरच वेळ आल्यावर माणूस फोन उचलतो. शाळेतही तसंच. बादली उचलायला बोलावणारी मावशी त्या मुलाला त्याच्या घरच्या नावाने ओळखत होती म्हणून तो गेला. मी हाक मारली असती तर गेला असता का, मला खात्री नाही.

हे फक्त मावशींच्या चांगुलपणावर सोडायची गरज नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक शाळांत एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत मुलांसाठी समुपदेशनाचं, तक्रारपेटीचं, शाळेचं वातावरण सुधारायचं काम नेहमीच्या शिक्षकांवर सोपवलं. काही शाळांत त्याच कामासाठी वेगळा माणूस नेमला, तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस. वेगळ्या माणसाच्या शाळांत दादागिरी, मारामारी आणि नैराश्य लक्षणीय कमी झालं. शिक्षकांकडे जादा काम दिलेल्या शाळांत काही फरक पडला नाही. आमच्या गळ्यात आणखी एक योजना घालणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. मुंबईतही महापालिकेच्या शाळांत २००८ नंतर सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत स्त्री-पुरुष समतेवर आणि हिंसेवर काम झालं, पुढे क्रिकेटच्या कोचना हाताशी धरून झालं. शिकागोमध्ये ‘बिकमिंग अ मॅन’ नावाच्या कार्यक्रमात मुलांना आठवड्यातून एकदा बसवून रागाच्या क्षणी एक श्वास थांबायला शिकवलं जातं. एक खेळ असा: एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तो अर्ध्या मिनिटात मिळवायचा. सगळे झोंबतात. ‘देतोस का?’ असं जवळजवळ कुणीच विचारत नाही. कार्यक्रम चालू असताना त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम थांबल्यावर तो फरक टिकला नाही, हेही सांगायला हवं. काही जण म्हणतील, मग उपयोग काय? मी म्हणेन, पोहायला शिकवणारा किनाऱ्यावरून उठून गेला तर दोष पोहण्याचा नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस जवळ लागतो, आणि जवळ म्हणजे रोज.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. आमच्या शाळेच्या समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. विषयपत्रिकेवर जिन्यावर आणि गेटवर सीसीटीव्ही बसवणं आहे. बसवा, माझी हरकत नाही. कॅमेरा पुरावा देईल. मी विषयपत्रिकेत एक ओळ वाढवायला सांगितली आहे: मधली सुट्टी आणि शाळा सुटण्याच्या वेळी जिन्यावर, गेटवर आणि मुतारीजवळ उभं राहायला एक माणूस, पगारावर, शिकवण्याचं काही काम न देता. मुख्याध्यापकांनी विचारलं, त्या माणसाची पात्रता काय लिहायची? मी मावशींना फोन केला. त्या तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, विरारला मुलीकडे राहतात, गुडघे धरले आहेत. शनिवारी येते म्हणाल्या, दुपारची ट्रेन रिकामी असते.